मामा माईकजवळ गेले की

लायब्ररीत पुस्तक आलं की त्याची नोंद होते, शिक्का बसतो, कपाटात जागा मिळते. किस्सा आला तर त्याला कुणी विचारत नाही. तो आपला बाकावर बसून राहतो आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येतो. असे इतके जमलेत की परवा नवरा म्हणाला, "सुधा, यातले थोडे बाहेर सोड, मला टीव्ही ऐकू येत नाही." म्हणून हा खटाटोप.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीपायी तंजावूरला आले. नोकरी संपली, पण आमचा पाय काही निघाला नाही. आमची लायब्ररी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. राजवाड्यातलं ते जगप्रसिद्ध ग्रंथालय वेगळं, तिथे ताडपत्रं आहेत. आमच्याकडे वर्तमानपत्रं आहेत, तीही दुपारपर्यंत कुणीतरी कोडं सोडवून टाकलेली. खाली पुस्तकं, वर हॉल. हॉलमध्ये दर महिन्याला काहीतरी भरतं. कधी व्याख्यान, कधी कार्यशाळा, कधी प्रदर्शन. आणि मी तिथली फुकटची निवेदिका.

लायब्रेरियन शिवगामी मॅडम. अस्सल तमिळ. मराठी बोलत नाहीत, पण उभी नोकरी भोसले राजांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांच्या या गल्लीत काढल्यामुळे मराठी भांडण कुठल्या टप्प्यावर आहे ते खिडकीतून ऐकून बरोबर सांगतात.

*

आमचा हॉल कधी रिकामा नसतो. सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं सकाळीच डबा घेऊन येतात आणि पंख्याखालची खुर्ची धरतात. कार्यक्रम सुरू झाला तरी उठत नाहीत. खुर्ची त्यांची, पंखा त्यांचा, वक्ता पाहुणा. त्यामुळे कुणीही येऊन कशावरही बोलला तरी त्याला भरगच्च हॉल मिळतो. फक्त त्या गर्दीचं डोकं वर नसतं, गाईडमध्ये असतं.

वरच्या ऑफिसला दर कार्यक्रमाचा फोटो पाठवावा लागतो. वाचन सप्ताहाचा फोटो गेला. सगळ्यांच्या माना खाली, चेहरे लांब, एकदोघांनी कपाळाला हात लावलेला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "मॅडम, हा वाचन सप्ताह होता की शोकसभा?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, परीक्षा जवळ आली आहे. सध्या दोन्ही एकच."

या खाली घातलेल्या मानांमध्ये एक रुक्कूची. रुक्मिणी तिचं खरं नाव. आईवडील कोइंबतूरला नोकरीत, ही आजीआजोबांकडे तंजावूरला राहून परीक्षा देणारी. घरात आजीआजोबा मराठी बोलणार, ही तमिळमध्ये उत्तर देणार, आणि यात काही विशेष आहे असं तिला वाटत नाही. आजोबा जिन्यातून विचारतात, "रुक्कू, छत्री आणलीस कीं?" ती मान न उचलता तमिळमध्ये सांगते, आणली. छत्री खरंच आणलेली असते.

*

हे आजोबा म्हणजे आमचे गोविंदराव मामा. इथून जवळच्या पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचे आभार मानायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, ते पडलंच. आपल्याकडे आभार म्हणजे दोन वाक्यं. तमिळनाडूत आभार हे स्वतंत्र भाषण असतं. मामा ते तमिळमध्ये सुरेख करतात. पाहुण्यांपासून माईकवाल्यापर्यंत एकही नाव सुटत नाही.

पण आभार झाले की खाली गरम बोंडे, म्हणजे इकडचे वडे, आणि कॉफी असते. त्यामुळे मामा माईकजवळ गेले की लोक पायानं चपला शोधायला लागतात. मामांचं अख्खं वक्तृत्व लोकांच्या पाठी बघण्यात गेलं.

एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुधाबाई, मज एकदां दहा मिनिटं द्या कीं. आमच्या मराठींत बोलायचं आहे."

"कशावर?"

"आमच्या घरच्या बोलण्यावर. रुक्कू हॉलांत बसलेली असेल तव्हां."

"मग घरीच सांगा की तिला."

"घरीं बोललों तर म्हातारा बोलूनलागला म्हणते. माईकवर बोललों तर भाषण."

मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. भाषण त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. मराठी, पण तमिळ अक्षरांत, कारण मामांना देवनागरी येत नाही. मी मराठीची एम.ए. आणि मला तो मराठी कागद वाचता येईना. मी माझ्या अक्षरात लिहिलेलं त्यांना वाचता येईना. एकाच भाषेची दोन माणसं आम्ही, एकमेकांची चिठ्ठी वाचू शकत नाही. मी त्यांना शब्द दिला की पुढच्या कार्यक्रमात तुमची दहा मिनिटं नक्की.

*

पुढचा कार्यक्रम होता 'विद्यार्थ्यांसाठी वेळेचं नियोजन'. वक्ते पापनाशमचेच, मामांच्या ओळखीचे. त्यांच्या भाषणानंतर मामांचं मराठी, मग आभार, असं मी कागदावर लिहून दिलं.

इकडची रीत अशी की बोलायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस आधी व्यासपीठावरच्या प्रत्येकाला नावानिशी वंदन करतो. नुसतं नाव नाही. हुद्दा, पदवी, दोन विशेषणं, आणि शेवटी आदरार्थी शेपूट. मग समोरच्या रांगेतले मान्यवर. मग मागच्या रांगेतले, कारण त्यांना राग येतो. त्या दिवशी व्यासपीठावर माणसं जरा जास्तच होती आणि प्रत्येकानं प्रत्येकाला वंदन केलं. वक्त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनीही सगळ्यांना वंदन केलं आणि घड्याळाकडे बघितलं.

म्हणाले, "विद्यार्थ्यांनो, वेळ अतिशय मौल्यवान आहे. माझी गाडी निघायची वेळ झाली. बाकीचं समजून घ्या."

आणि गेले. पोरांनी पहिल्यांदा मनापासून टाळ्या वाजवल्या. अजूनही पोरं म्हणतात की इतकं मुद्देसूद व्याख्यान परत झालं नाही.

मामांच्या दहा मिनिटांचा प्रश्नच उरला नाही. ते उठले, आभार मानले, लोकांनी चपला घातल्या.

*

एकदा शाळेतल्या मुलांच्या हस्ताक्षर स्पर्धेचं प्रदर्शन होतं. सुतळीवर कागद टांगलेले, प्रत्येकावर तमिळ सुविचार. दुपारी पुण्याचे एक गृहस्थ आले. राजवाड्यातलं ग्रंथालय शोधत आमचा जिना चढले होते. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा, सोबत बायको आणि मेहुणी.

मी कोपऱ्यात खुर्च्या लावत होते. म्हटलं, आपण होऊन विचारतील तेव्हा सांगू. मला पुणेकरांचा एवढा तरी सूड घ्यायचा हक्क आहे.

ते हात पाठीमागे बांधून एकेक कागद बघत होते. एका कागदापाशी थांबले. कडा दुमडलेल्या, मध्ये तपकिरी डाग, शाई फुटलेली. बायकोला हळूच म्हणाले, "हे बघ, काळाचा परिणाम. पण अक्षर बघ कसं टिकलंय."

शेजारी मामा उभे. मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला. गृहस्थांनी त्यांना विचारलं, "हे साधारण कोणत्या काळातलं?"

मामा म्हणाले, "मागल्या मंगळवारचं. कॉफी सांडली लिहिणाऱ्या पोराच्या हातून."

गृहस्थ मोठ्या मनाचे निघाले. पोट धरून हसले, आणि मग मामांना म्हणाले, "तुम्ही मराठी फार जुनी बोलता हो. ऐकत राहावंसं वाटतं." मामा त्यांना घरी कॉफीला घेऊन गेले. ती मंडळी संध्याकाळपर्यंत हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी मामा मला म्हणाले, "पुण्याचीं लोकं बसून आइकलीं. घरचीं बसतील तर बेस होईल."

*

शिवगामी मॅडमचा शिक्का हा एक वेगळाच विषय आहे. लायब्ररीत वस्तू चोरीला जातात म्हणून त्या दिसेल त्यावर शिक्का मारतात. पुस्तकावर मारतातच, शिवाय खुर्ची, पाण्याचा जग, केरसुणी, भिंतीवरचं घड्याळ. एकदा चुकून माझ्या पिशवीवरही बसला, तेव्हापासून ती पिशवी दारात तपासली जाते.

इकडे पाहुण्याला जरीकाठी शाल पांघरतात. पोन्नाडै म्हणतात तिला. नारळ दिला नाही तर चालतं, शालीशिवाय सत्कार पुरा होत नाही. मे महिन्यातल्या तंजावूरच्या उकाड्यात घामाघूम झालेला माणूस आणखी एक शाल हसत हसत घेतो, इतकी ती महत्त्वाची. मॅडमनी एकदम बऱ्याच शाली आणून कपाटात ठेवल्या. आणि सवयीनं प्रत्येकीच्या कोपऱ्यावर शिक्का.

त्या महिन्यात वरच्या ऑफिसचे तेच शोकसभावाले साहेब पाहुणे म्हणून आले. मॅडमनी त्यांना शाल पांघरली. फोटो निघाला. साहेबांच्या डाव्या खांद्यावर जांभळ्या शाईत स्पष्ट अक्षरं: 'ग्रंथालयाची मालमत्ता'.

साहेबांनी मान वळवून खांदा वाचला. परत एकदा वाचला. मग मॅडमकडे बघून म्हणाले, "मला किती दिवसांत परत करायचं?"

मॅडमच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पंधरा. नूतनीकरण करता येतं."

साहेब इतके खूश झाले की ठरलेल्यापेक्षा दुप्पट बोलले. दुप्पट कुणाच्या वेळेतून बोलले ते सांगायला नकोच. मामांनी खिशातला कागद पुन्हा घडी घालून ठेवला आणि साहेबांचे आभार मानले. तेही मनापासून मानले, याचा मला राग आला. मी मामांना म्हटलंसुद्धा, "तुम्ही जरा भांडायला शिका." ते म्हणाले, "भांडण मराठींत येतं. साहेबांस तमिळ हवी."

*

नवरात्रात इकडे घरोघरी पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात. कोलू म्हणतात. मॅडमनी ठरवलं, यंदा लायब्ररीचा कोलू. गल्लीतल्या बायकांनी आपापल्या बाहुल्या आणून दिल्या. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जा, मांडणी मी करते."

सकाळी बायका येऊन बघतात तर मॅडमनी बाहुल्या पुस्तकांसारख्या विषयवार लावलेल्या. देव धर्माच्या पायरीवर. वाणी आणि भाजीवाली व्यापारात. राजाराणीची लाकडी जोडी इतिहासात. मान डोलावणारी नर्तकी कलेत, आणि कृष्णाच्या गोपीही तिथेच, कारण त्या नाचत होत्या. कृष्ण एकटा वर धर्मात बासरी वाजवत उभा. यशोदा मांडीवर बाळ नसल्यामुळे समाजशास्त्रात गेली होती.

आमच्या मामी, म्हणजे गोविंदरावांच्या बायको, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. कृष्ण त्यांच्या घरचा होता. म्हणाल्या, "आई खालीं, लेकरूं वर. ह्यास जेवूं कोण घालील?"

मी भाषांतर केलं. मॅडमना मुद्दा पटला, पण वर्गीकरण मोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी एक छोटं कार्ड लिहिलं आणि कृष्णाच्या पायाशी टेकवून ठेवलं: 'हेही पाहा: यशोदा'.

मामी रोज सकाळी येऊन कृष्णाला यशोदेच्या शेजारी ठेवायच्या. दुपारी मॅडम त्याला परत वर नेऊन ठेवायच्या. दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. दसऱ्याच्या दिवशी मामींनी मॅडमना घरी बोलावून पुरणपोळी वाढली आणि हा विषय मिटला.

*

आता पाककृतीची कार्यशाळा. सांबार आमच्याच भोसले महाराजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, असं इथली मराठी मंडळी छातीठोकपणे सांगतात. तमिळ शेजारी हसतात आणि आणखी एक वाटी वाढा म्हणतात. मामी या वादात पडत नाहीत. "कोणाचं कां असेना, उतूं जाऊं नये," एवढंच त्यांचं म्हणणं.

तर मामींची कार्यशाळा ठेवली, आणि त्यानंतर मामांचं भाषण. यावेळी पाहुणे नाहीत, साहेब नाहीत, वंदन नाही. मी अगदी कडेकोट बंदोबस्त केला होता.

लायब्ररीत विस्तव लावायला बंदी. त्यामुळे मामींनी अख्खं सांबार तोंडानं केलं. डाळ शिजवली, चिंच कोळली, धने भाजले. धने कुठपर्यंत भाजायचे? "शेजारीण कायगे करूनलागलीस म्हणून विचारील तेथपर्यंत." मीठ किती? "नवऱ्यावर राग किती आहे ते पाहून थोडं कमी." मामी फोडणी देत होत्या तेव्हा परीक्षेवाल्या पोरांचीसुद्धा डोकी वर आली. एक जण आवंढा गिळत म्हणाला, "मामी, पण चव कशी कळणार?"

मामी म्हणाल्या, "घरीं या कीं."

सांगलीत 'या एकदा घरी' म्हणजे 'निघा आता'. इथे तसं नाही. मामी उठल्या, पिशवी घेतली आणि चालू लागल्या. अख्खी कार्यशाळा त्यांच्या मागून जिना उतरली. पोरं गेली, बायका गेल्या, रुक्कू तर चुलीपाशी मदत करायला धावतच गेली.

हॉलमध्ये मी, मॅडम आणि कागद हातात घेऊन उभे असलेले मामा. सगळे श्रोते मामांच्याच घरी.

मामांनी थोडा वेळ रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "चला, सुधाबाई. आम्ही पण जेवूं. मी ही तिचं सांबार सोडून भाषण आइकायास बसलों नसतों."

*

आणि मग रुक्कू पास झाली.

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी हॉलमधल्या पोरांनी तिला खुर्चीसकट उचललं. मॅडमनी स्वतःच्या पैशांनी म्हैसूरपाक वाटला. नेमणूक कृष्णगिरीला. तंजावूरहून ते गाव चांगलंच लांब, आणि सोमवारी हजर व्हायचं.

मामा संध्याकाळी लायब्ररीत आले. म्हैसूरपाक हातात तसाच. म्हणाले, "सुधाबाई, आत्तां नाहीं तर कव्हां?"

मी काही बोलायच्या आत मॅडमनीच शनिवार ठरवून टाकला. मराठी एक शब्द न बोलणाऱ्या मॅडमनी. फळ्यावर स्वतः खडूनं लिहिलं: 'व्याख्यान. गोविंदराव सर.' खाली दुसरं कुणाचंही नाव नाही.

शनिवारी हॉल भरला. गल्लीतली मराठी घरं आली, मामांचे जुने विद्यार्थी आले, परीक्षेवाली पोरं होतीच. रुक्कू तिच्या नेहमीच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर. मामी पहिल्या रांगेत. मामांनी नवी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसली होती. खाली बोंड्यांचा घाणा चालू होता आणि वास जिन्यानं वर येत होता. मी दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि बाजूला झाले.

मामा माईकजवळ गेले. घसा साफ केला. म्हणाले, "सर्वांस नमस्कार."

आणि अख्खा हॉल उठला.

कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो. इतक्या वर्षांची सवय. मामा माईकवर म्हणजे कार्यक्रम संपला. लोखंडी खुर्च्या फरशीवर करकरल्या, पाय चपलांत गेले, पुढची माणसं दारापाशी पोचलीसुद्धा. मामी उठल्या, पदर सावरून पिशवी काखोटीला मारली. रुक्कू पिशवी खांद्याला लावून जिन्याच्या पहिल्या पायरीवर होती. मी काय करत होते? मी माईकची वायर गुंडाळायला वाकले होते.

मामांनी ते सगळं बघितलं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले, आणि तोंडातून तमिळमध्ये तेच नेहमीचं वाक्य निघालं, "आजच्या कार्यक्रमाला उपस्थित राहिलेल्या..."

"सर." शिवगामी मॅडमचा आवाज. सगळ्या हॉलमध्ये त्या एकट्या बसलेल्या होत्या. तमिळमध्ये म्हणाल्या, "आज आभार नाहीत. आज भाषण आहे. बोला."

जो जिथे होता तिथेच थांबला. परत बसायचं तर खुर्च्या वाजणार, म्हणून कुणी बसलं नाही. कुणी दारात, कुणी जिन्यावर, कुणाचा एकच पाय चपलेत. मामा उभ्या असलेल्या माणसांशी बोलायला लागले. खिशातून कागद काढला नाही.

"माझ्या लहानपणीं आमच्या गल्लींत दूधवाला तमिळ, फुलवाली तमिळ. पण आमच्याशीं भांडायचं असलं तर दोघं मराठींत भांडत. तमिळींत भांडले तर आम्हांस लागत नव्हतं."

दारात उभे असलेले म्हातारे हसले.

"आत्तां मी मराठी दोघांशींच बोलतों. एक देव आणि एक माझी बायको. देव उत्तर देत नाहीं. ही थांबत नाहीं."

मामींनी पिशवी खाली ठेवली.

मामा बरंच बोलले. आईनं शिकवलेली भाजीची नावं, वडील रागावले की कुठला शब्द वापरायचे, पापनाशमच्या गाडीत दुसरा मराठी माणूस भेटला की तिकीट तपासनीस येईपर्यंत कसं बोलून घ्यायचे. जिन्यावर कुणी हललं नाही. खालचा बोंडेवाला वर येऊन बघून गेला.

मग मामांनी जिन्याकडे बघितलं.

"माझी तक्रार नाहीं. माझ्या नातीस सगळं समजतं. पाणी आण म्हण्टलों तर पाणी येतं. औषध दे म्हण्टलों तर औषध येतं. माझ्या भाषेस घरांत हात आहेत, पाय आहेत. तोंड तेवढं माझ्यापाशींच राहिलं. सोमवारीं ती दूर जाते. फोन करील, रोज करील, पोर चांगली आहे. पण फोनवर पाणी आण म्हणून काय उपयोग? फोनवर हात पाय दिसत नाहींत. तेवढंच सांगायचं होतं."

ते थांबले. मॅडम डोळे पुसत होत्या. त्यांना शब्द किती कळले मला माहीत नाही.

आता आभार कोण मानणार? मामांनी इकडेतिकडे बघितलं. कुणी पुढे येईना. शेवटी ते स्वतःच माईककडे वाकले.

तेवढ्यात रुक्कू जिन्यावरून परत वर आली. लोकांमधून वाट काढत, पिशवी खांद्यावर तशीच. आजोबांच्या पुढ्यातला माईक तिनं आपल्याकडे ओढला. कुणाकडे बघितलं नाही. कान लाल झाले होते. मराठी शब्द एकेक करून, चाचपडत आला.

"आजा. तुम्हीं. फार वेळ बोललांत. खालीं बोंडे निवूनलागले."

मामा वळले. त्यांचे कान अजून चांगले आहेत, तरी त्यांनी हात कानामागे धरला.

"काय म्हण्टलीस?" ते म्हणाले. "अणीक एकदां म्हण."